बॉबिन संपेपर्यंत

कात्री : चारही चिठ्ठ्यांवर एकच लिहिलंय. त्याला कुठलीही उचलू दे, गाणंच निघणार.

शिट्टी : ही लबाडी आहे. तीस वर्षं मी पंच म्हणून शिट्टी फुंकतोय. मैदानावर असलं कोणी केलं असतं तर मी त्याला बाहेर बसवला असता.

कात्री : हे मैदान नाही, माझं शिवणाचं दुकान आहे. बारा वाजलेत. पाचला तुझी फायनल, मध्यंतरात छोटी गाणार. आणि जे गाणं दीड महिना प्रत्येकाच्या फोनवर वाजतंय ते आपल्याच पोरीचं आहे, हे तिच्या बापाला अजून ठाऊक नाही. दुसरा मार्ग असेल तर बोल.

शिट्टी : सरळ सांगायचं.

कात्री : कोण सांगणार? तू?

शिट्टी : मी पंच आहे. मी मध्ये पडत नाही.

कात्री : मग गप बस आणि मशीनच्या त्या बॉबिनवर दोरा भर. गच्च भर. काल मला काय म्हणाला माहितीये? ही गतिरोधक नावानं गाणारी पोरगी कोण आहे ती एकदा हाताला लागू दे, तिला बसच्या टपावर बांधून शेवटच्या स्टॉपपर्यंत नेतो.

शिट्टी : आणि छोटी काय म्हणते?

कात्री : ती म्हणते, आत्या, पप्पा समोर नसतील तर मी माईकला हात लावणार नाही. मी म्हटलं, मग सांग ना त्यांना. तर म्हणते, भीती वाटते. साठ हजार लोकांसमोर शिव्या घालायला भीती वाटत नाही, बापासमोर वाटते.

शिट्टी : चिठ्ठ्यांनी काय होणार पण?

कात्री : आपल्या रविवारच्या चिठ्ठ्यांच्या खेळात उलट्या बाजूचा नियम त्यानंच काढलाय ना? जे डोक्यात जातं त्याचीच बाजू घ्यायची, माझी बॉबिन संपेपर्यंत. आज त्याच्याच तोंडून त्या गाण्याचं कौतुक वदवून घेते. एकदा चांगलं बोलला की मागे कसा फिरेल? लगेच सांगून टाकू. आला बघ. तो शर्ट झाक, शर्ट झाक.

शिट्टी : अगं, तू तोच शिवतेयस. कसा झाकू?

पायलट : काय झाकताय?

कात्री : तुझी लाज. ये. रविवारी पण गणवेशासारखा चेहरा करून आलास.

पायलट : रविवार तुम्हाला. मी सकाळची फेरी मारून आलोय. सव्वीस नंबर, गच्च भरलेली. आणि मी नेहमीसारखं ओरडलो, आत सरका, मागे जागा आहे. तर सगळी बस एका सुरात. काय म्हणाली असेल?

शिट्टी : काय?

पायलट : पुढची ओळ म्हणाली. सगळी बस. एक म्हातारी होती काठीवाली, तीसुद्धा. "साहेबांच्या गाडीला वेगळा रस्ता आहे." आणि टाळ्या. बावीस वर्षं मी ते वाक्य ओरडतोय, आणि त्या कोण पोरीनं चोरून त्याचं गाणं केलं. चोर आहे ती. मला आता माझ्याच बसमध्ये तोंड उघडायची चोरी.

कात्री : बस. पाणी पी.

पायलट : हा कसला शर्ट शिवतेयस?

कात्री : वॉचमनचा. आखूड करायला दिलाय.

पायलट : वॉचमनच्या शर्टाला चकचकीत पट्टी लावतात?

कात्री : अंधारात दिसावा म्हणून. तू गाडी चालव, शिवण मी बघते.

शिट्टी : कालची सेमीफायनल बघितलीस का रे?

पायलट : विषय बदलायची घाई बघ याची. बघितली. ती तुझी कॅप्टन अडाणी आहे. चार सेकंद उरलेत, एका गुणाने मागे, चेंडू हातात, बास्केट समोर. आणि ती पास देते. कोणाला, तर वर्षभर बाकावर बसलेल्या पोरीला.

शिट्टी : त्या पोरीनं बास्केट केला.

पायलट : केला म्हणून शहाणपण. नसता केला तर?

शिट्टी : तर अडाणीपण. खेळात दोन्हीच्या मध्ये अठरा इंचांची कडी असते, बाकी काही नसतं. पण तुला सांगतो, पास देताना कॅप्टननं तिच्याकडे बघितलंही नाही. तिला माहीत होतं ती तिथे असणार. बाकावरून माणूस खेळ जास्त बघतो.

पायलट : बाकावर का होती ती?

शिट्टी : घरून परवानगी नव्हती. गुडघ्याचं दुखणं. तुमची छोटी नाही का, दोन वर्षं बसली होती माझ्याकडे बाकावर.

पायलट : तिला दमा आहे. डॉक्टरनं सांगितलं होतं, धावायचं नाही.

कात्री : डॉक्टरनं सांगितलं होतं जपून धावायचं. धावायचं नाही असं तू सांगितलंस.

पायलट : चिठ्ठ्या काढा. मला तीनला जेवायला घरी जायचंय.

कात्री : हा घे डबा. उचल.

पायलट : मी का? मागच्या रविवारी मी जिंकलो. जिंकणारा शेवटी उचलतो. नियम आहे. काय रे पंच?

शिट्टी : हो. नियम आहे.

कात्री : आज एक दिवस सोडला तर काय होतंय?

पायलट : नियम म्हणजे नियम. शिट्टी, उचल तू.

शिट्टी : मी?

पायलट : घाम कशाला फुटतोय? साधी चिठ्ठी आहे. वाच.

शिट्टी : हं. यावर लिहिलंय... पुढाऱ्यांचं भांडण.

कात्री : वा. चांगला विषय. फलकाचं भांडण. ज्या चौकातल्या खड्ड्यात याची बस रोज आपटते तिथे एका साहेबांचा फोटो वीस फुटी लागला, म्हणून दुसऱ्या साहेबांनी पंचवीस फुटी लावला. मग पहिल्यांची माणसं शिडी घेऊन आली. त्यांतल्या दोघांची डोकी फुटली. साहेबांची नाही, माणसांची. कर सुरुवात, बॉबिन लावली.

शिट्टी : मला भांडणाच्या बाजूनं बोलायचंय?

पायलट : तुला त्याची चीड आहे ना? मग त्याच्याच बाजूनं.

शिट्टी : ठीक. भांडण हवं. का हवं? दोन संघ भांडत असतात तोवर मला पंच म्हणून काम सोपं असतं. हा त्याचा फाऊल दाखवतो, तो याचा दाखवतो. मला फक्त बघायचं. जमिनीचं प्रकरण कोणी बाहेर काढलं? याने त्याचं. दवाखान्याच्या खाटांचं? त्याने याचं. ज्या दिवशी या दोघांचा समेट होईल त्या दिवशी आपल्याला काहीही कळणार नाही. मैदानावर मी सगळ्यात जास्त घाबरतो ते एकमेकांना मिठी मारणाऱ्या कॅप्टनना. सामना आधीच ठरलेला असतो.

कात्री : अरे, हा तर बोलला.

पायलट : डोकी फुटलेल्यांचं काय?

शिट्टी : त्यांची बाजू माझ्या चिठ्ठीत नाही.

पायलट : चांगलं होतं. मी तर पहिल्यापासून वीस फुटी साहेबांचा माणूस. निवडणुकीत त्यांच्यासाठी सुट्टी टाकून फिरलो. आणि परवा त्याच साहेबांची गाडी माझ्या बसला आडवी आली. मी हात केला. काच वर गेली. खड्ड्यात माझी बस, आणि वर त्यांचा वीस फुटी हसरा चेहरा. म्हटलं, हसा. कात्री, तू उचल.

कात्री : मला आली... काडीमोड. ते हिरो-हिरोईनचं.

पायलट : दाखव.

कात्री : तुला चष्मा लागतो. दाखवून काय करू?

पायलट : बरं. बोल मग. तुला तर त्या दोघांचं तोंड बघवत नाही.

कात्री : नाही बघवत. लग्न करताना चॅनेलवाले, सोडताना चॅनेलवाले. पण बाजू घ्यायची तर घेते. त्यांनी चांगलं केलं. मी एकोणीस वर्षं नवऱ्याबरोबर राहिले, त्यातली बारा वर्षं आम्ही एकमेकांशी भाजीच्या पिशवीपुरतं बोललो. सोडलं तेव्हा सगळी आळी माझ्याकडे आली, का सोडलंस ते विचारायला. प्रत्येकीला वेगळं सांगत बसले. या बाईनं चार ओळी लिहिल्या, दोन कोटी लोकांना एकदम सांगून टाकलं, फोन बंद केला आणि झोपली. मला त्या वेळी असं जमलं असतं तर माझ्या घशाचा त्रास वाचला असता.

शिट्टी : शेवटी लिहिलंय, आमच्या खासगीपणाचा मान राखा.

कात्री : हो, तेवढं हसायला येतं. दोन कोटी लोकांना दाराशी बोलवायचं आणि आत येऊ नका म्हणायचं. पण मी तिच्या बाजूनं आहे. बॉबिन संपेस्तोवर.

पायलट : आणि तिच्या बापाचं काय?

कात्री : कोणाच्या?

पायलट : त्या हिरोईनच्या. बापाला टीव्हीवरून कळलं. सकाळी चहा पीत बसलेला माणूस, आणि पट्टी फिरतेय खालून, तुमच्या पोरीचं लग्न मोडलं. दोन कोटी लोकांना सांगायला वेळ होता. एक फोन बापाला लावता येत नव्हता?

कात्री : तो तरी तिच्याशी धड बोलत होता का?

पायलट : नसेल बोलत. नसेल तिला पसंत त्याचं वागणं. पण बाहेरच्या माणसाकडून कळावं? शेजारचा माणूस फोन पुढे धरतो आणि म्हणतो, हे ऐका. त्या बापानं तिथं काय तोंड करायचं? हसायचं? की विचारायचं, कोण आहे ही?

शिट्टी : पायलट, तू त्या बापाला ओळखत नाहीस.

पायलट : नाही ओळखत. चिठ्ठी दे.

कात्री : घे.

पायलट : गाणं.

कात्री : काय योगायोग.

पायलट : हो ना. मला त्या चोराची बाजू घ्यायचीय?

शिट्टी : नियम तूच काढलास.

पायलट : नवी बॉबिन लाव. अर्धी नको.

कात्री : गच्च भरलेली आहे. हे बघ, बाहीच्या शिवणीला सुरुवात केली. बोल.

पायलट : बोलतो. एक तर हे गाणं नाही. गाण्यात सूर लागतो, हे नुसतं बोलणं. भराभर, एकावर एक.

कात्री : हे विरोधातलं झालं.

पायलट : थांब, गिअर तर पडू दे. बोलणं आहे, पण गाडीसारखं. इंजिन थंड असतं तेव्हा खडखडतं, मग एक लय धरतं, आणि मग तुम्ही काही करू नका, पाय नुसता ठेवा. पहिल्या आठ ओळी खडखडतात. मुद्दाम. नवव्या ओळीला लय लागते. कुठली नववी ओळ? "याचा फोटो वीस फुटी, त्याचा पंचवीस, खालच्या खड्ड्यात रोज आपटते बस नंबर सव्वीस."

शिट्टी : तुला पाठ आहे?

पायलट : रोज साठ लोक म्हणतात, पाठ होणारच. आता ही ओळ बघा. दोन पुढारी शिव्या खातात, पण पोरीनं त्यांना शिवी दिलेली नाही. फूट मोजलेत फक्त. वीस आणि पंचवीस. माझ्यासारख्या वीस फुटी माणसाचंसुद्धा त्यावर काही चालत नाही. खोटं असतं तर भांडलो असतो.

कात्री : हं. पुढे.

पायलट : पुढे ते आरशाचं. "आरशात त्याला दिसतात साठ चेहरे रोज, त्याच्या चेहऱ्याचा साठांत कुणी घेतलाय शोध?" हे ज्यानं ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर बसून प्रवास केलाय, त्यालाच लिहिता येईल. बाकीच्यांना आरसा दिसतच नाही. त्या सीटवरून माझे नुसते डोळे दिसतात, खालचं तोंड दिसत नाही. शाळेत असताना छोटी तिथेच बसायची. खिडकीची नाही, तीच सीट मागायची.

शिट्टी : कात्री...

कात्री : तू गप. बोल रे, बोल.

पायलट : आता गाण्यातली चूक सांगतो.

कात्री : चूक नाही सांगायची. बाजू घ्यायचीय.

पायलट : बाजूच घेतोय. तीन मिनिटांचं गाणं आहे. त्यात ती पोरगी चौदा वेळा श्वास घेते. मी मोजलेत. डेपोत बस लावली की दारं बंद करून ऐकतो, म्हणजे आतलं ऐकू येतं. आवाज त्यांनी कुठल्या मशीनमधून काढलाय, जाड केलाय, भरड केलाय. पण श्वास मशीनमधून काढायचा राहिलाय. बारापर्यंत बरोबर. तेरावा अडखळतो. आत जाताना बारीक शीळ वाजते, आणि ती ओळ अर्ध्यावर उचलते. तुम्हाला ऐकू येणार नाही. कोणालाच यायची नाही. सहा वर्षांची असल्यापासून तिच्या उशाशी बसून जो मोजत आलाय, त्याला येते.

शिट्टी : तुला माहीत होतं.

पायलट : पहिल्या दिवसापासून. कंडक्टरनं फोन पुढे केला, म्हणाला, पायलट, हे ऐका, कोणीतरी तुमची टर उडवलीय. तेराव्या श्वासाला मला कळलं. बस चालू होती. पुढचा स्टॉप मी घेतलाच नाही. चार माणसं शिव्या घालत त्याच्या पुढच्या स्टॉपवर उतरली.

कात्री : मेल्या, आणि दीड महिना इथे बसून तिला चोर म्हणतोयस?

पायलट : मग काय म्हणू? घरात तिच्या आईला माहीत. इथे तुम्हाला माहीत. साठ हजार लोकांनी ऐकलंय. एकटा मीच बाहेरचा. म्हटलं, शिव्या घातल्या की कोणीतरी चिडून सांगेल, गप रे, ती तुझीच पोर आहे. रोज वाट बघितली. तुम्ही काय, पाण्याचा ग्लास पुढे करायचात.

शिट्टी : आम्हाला वाटलं तुला राग येईल.

पायलट : आलाय. कोणाचा ते ठरत नाही. मी तिला धावू नको म्हटलं, ती धावायची थांबली. गाऊ नको, श्वास पुरणार नाही म्हटलं, तर ती माझ्या पाठीमागे जाऊन गायली. आणि पुरला. तेरावा सोडला तर पुरला, कात्री. दीड महिना मी रोज ऐकतोय, आज अडकेल, आज अडकेल. रेकॉर्ड केलेलं गाणं आहे, रोज तेच वाजणार, हे मला कळत नाही का? तरी मूठ आवळून ऐकतो. तेरावा झाला की सोडतो.

(कात्री बाही शिवत राहते.)

पायलट : बॉबिन केव्हाच संपलीय.

कात्री : काय?

पायलट : तुझी बॉबिन. आवाज बदललाय. रिकामी पळतेय.

कात्री : आई गं. अर्धी बाही खालच्या दोऱ्याशिवाय शिवली. हे बघ, ओढलं की सुटतंय. एकतीस वर्षांत माझ्याकडून असं झालं नव्हतं.

शिट्टी : मग पायलट वेळेच्या पुढे बोलला. नियमानं बाद.

कात्री : तुझ्या नियमाला आग लाव.

पायलट : चौथी चिठ्ठी पण उघडा आता. तिच्यावर पण गाणंच आहे ना? कात्री, तू लाल मार्करनं लिहितेस, मागून दिसतं. याच्या चिठ्ठीवर दोन अक्षरं होती. पुढाऱ्यांचं भांडण दोन अक्षरांत कसं मावेल?

शिट्टी : मी आधीच सांगितलं होतं, ही लबाडी आहे.

पायलट : तू मला सगळ्यात जास्त हसवलंस. काय बोललास रे, मिठी मारणारे कॅप्टन. तो भाग चांगला होता. आणि हा वॉचमन. याच्या खिशाखाली शाईचा डाग आहे. माझं पेन फुटलं होतं, छोटी दहावीला होती तेव्हा. हा शर्ट मी वर्षभर शोधतोय.

कात्री : तिनंच आणून दिला. म्हणाली, आत्या, पप्पांचा कापून मला बसव. डाग ठेव पण, डाग काढू नको.

पायलट : कधी गाणार?

शिट्टी : सव्वापाच, साडेपाच. पहिला अर्धा डाव संपला की. आठ मिनिटं तिची. मला तीनला निघायचंय, तुझ्यासाठी पुढची खुर्ची धरून ठेवतो.

पायलट : पुढे नको. समोर दिसलो तर घाबरेल.

कात्री : गाढवा, तू समोर दिसला नाहीस तर ती माईक धरणार नाही. तसं सांगितलंय तिनं. म्हणून तर हा सगळा तमाशा.

पायलट : असं म्हणाली?

कात्री : माझ्या या टेबलाशी उभं राहून.

पायलट : मग पुढे बसतो. शिट्टी, तेराव्याला तू मध्येच शिट्टी मारू नकोस म्हणजे झालं.

शिट्टी : मध्यंतरात पंचाला अधिकार नसतो.

पायलट : हा घे बिल्ला. तिच्या खिशावर लाव. खरा आहे, नंबरचा. उद्या पाच चाळीसची ड्युटी आहे, तेवढा परत द्यायला सांग.

कात्री : तूच सांग. दोन वाजेपर्यंत ती येतेय शर्ट घालून बघायला.

पायलट : इथे?

कात्री : मग कुठे? आता त्या खुर्चीवरून उठ आणि ही बाही धर, मी टाके उसवते. नीट धर. स्टिअरिंग नाहीये ते.

पायलट : कात्री.

कात्री : काय?

पायलट : आतून एक खिसा लाव. तिचा दम्याचा पंप मावेल एवढा.

कात्री : लावलाय. पहिल्याच दिवशी म्हणाली, आत्या, खिसा आधी लाव, पप्पा दुसरं काही बघायच्या आत तोच चाचपतील.

पायलट : डाव्या बाजूला?

कात्री : डाव्याच बाजूला.